गिटारची पेटी : निवड आणि तुलना

आमच्या गोव्यात ‘पेटी’ म्हटली की भजनातली हार्मोनियम डोळ्यांपुढे उभी राहते. या लेखातील पेटी निराळी आहे. विजेच्या गिटारचा आवाज ज्या लाकडी खोक्यातून बाहेर पडतो, त्या स्पीकरच्या पेटीला बाजारात ‘कॅबिनेट’ म्हणतात. ती कशी पारखावी व कशी निवडावी, हे विद्यार्थ्यांना आणि त्यांच्या पालकांना सांगावे, असा माझा हेतू आहे. मी कला शाखेचा पदवीधर. तरीही हा विषय हाती घेतला, त्याला एक प्रसंग कारण झाला. तो मला भूषणावह नाही, म्हणून तोच आधी सांगतो.

काही वर्षांपूर्वी एका माजी विद्यार्थ्याने शाळेला तीस वॅटचा, व्हॉल्व्हवर चालणारा जुना अँप्लिफायर भेट दिला. त्याला जोडण्यासाठी कॅबिनेट हवे होते. पालकांनी आपापल्या ऐपतीप्रमाणे वर्गणी दिली. खरेदीला गेलेल्या तिघांत मी होतो. दुकानात जे सर्वांत मोठे, चार स्पीकरांचे कॅबिनेट दिसले, ते आम्ही उचलले. मोठे ते चांगले, याहून अधिक विचार आमच्यापैकी कोणी केला नाही.

स्नेहसंमेलनाच्या रात्री नववीतला एक मुलगा गिटार वाजवीत होता. साथीला घुमट व शामेळ होते आणि मुली कोंकणी गीत गात होत्या. पहिल्याच कडव्यात घुमट बुडाले, मग गाणेही बुडाले. पुढच्या रांगेतील पाहुण्यांनी कानांवर हात ठेवले. आवाज कमी केला तर गिटारमधला जीवच गेला. मध्यंतरात मंचावरची हलवाहलव करताना कॅबिनेटची तार निसटली, ती कोणाच्या लक्षात आली नाही. दुसऱ्या भागात मुलाने अँप्लिफायर चालू केला. आवाज येईना, म्हणून त्याने बटण आणखी फिरवले व जोराने तारा छेडल्या. थोड्याच वेळात जळका वास आला. ट्रान्स्फॉर्मर गेला होता. मुलाला वाटले, वर्गणीचे पैसे आपण जाळले. त्यानंतर कित्येक महिने त्याने गिटारला हात लावला नाही. वास्तविक दोष त्याचा नव्हता. जे त्याला सांगायला हवे होते, ते आम्हांलाच ठाऊक नव्हते. तेच आता क्रमाने पाहू.

पेटी कशासाठी?

कागदी शंकूला तारेचे वेटोळे जोडून ते लोहचुंबकात हलवावयाचे, ही आजच्या स्पीकरची रचना चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग या अमेरिकन संशोधकांनी १९२५ साली मांडली. शंकू पुढे सरकला की समोरची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची हवा विरळ होते. म्हणजे पुढची लहर आणि मागची लहर परस्परविरुद्ध असतात. स्पीकर नुसता उघडा ठेवला तर या दोन लहरी कडेने एकमेकींस भेटतात व एकमेकींना पुसून टाकतात. त्यातही खर्जाचे स्वर अधिक पुसले जातात. कारण त्यांच्या लहरी लांब असतात. गिटारच्या सर्वांत जाड तारेचा स्वर सुमारे ८२ हर्ट्झचा असतो व त्याची लहर चार मीटरांहून थोडी अधिक लांब भरते. ही भेट टाळण्यासाठी स्पीकर फळीत बसवितात आणि फळीभोवती पेटी बांधतात.

दुसरी गोष्ट अशी की, घरी गाणी ऐकण्याचा स्पीकर आणि गिटारचा स्पीकर एक नव्हेत. गिटारचा स्पीकर सुमारे ५,००० हर्ट्झच्या वरचे ध्वनी फारसे देत नाही, आणि ते मुद्दाम तसेच ठेवलेले असते; त्यामुळे आवाजातला खरखरीतपणा गळून जातो. म्हणून ही पेटी वाद्याचाच एक भाग समजावी. तिच्यातून गायकाचा आवाज दिला तर तो कोंदट वाटेल, निवेदकाचे शब्द अस्पष्ट होतील. संमेलनासाठी कॅबिनेट घेतले म्हणजे सभागृहाच्या स्पीकरची गरज भागली, असे समजू नये.

उघडी पाठ आणि बंद पाठ

कॅबिनेटचे मुख्य प्रकार दोन. काहींच्या पाठीची फळी अर्धीमुर्धी असते, ती उघड्या पाठीची. काहींची पाठ पूर्ण बंद असते. फरक समजण्यासाठी आपले घुमट आठवा. मातीच्या भांड्याच्या रुंद तोंडावर चामडे ताणलेले असते आणि दुसरे, अरुंद तोंड उघडे असते. वादक त्या उघड्या तोंडावर डावा तळहात झाकतो, उघडतो, आणि त्यासरशी नाद बदलतो. चामडे तेच, थाप तीच. बदलते ती आतल्या हवेची वाट. (पूर्वी या वाद्याला घोरपडीचे कातडे लावीत; १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे आता बकऱ्याचे चामडे लावतात. २०१९ साली गोवा सरकारने घुमटाला राज्याच्या वारसावाद्याचा मान दिला.) घुमट आणि कॅबिनेट यांचे तत्त्व तंतोतंत एक नव्हे, पण मागची हवा मोकळी की कोंडलेली, यावर नाद बदलतो, एवढे दोन्हींत समान आहे.

उघड्या पाठीच्या पेटीतून आवाज मागेही जातो, भिंतींवरून परततो आणि खोलीभर पसरतो. तिचा खर्ज मऊ व सैल असतो. बंद पाठीची पेटी आवाज समोर फेकते; तिचा खर्ज घट्ट व ठाम असतो. लहान सभागृहात, इतर वाद्यांच्या सोबतीने, स्वच्छ सुरांत वाजवायचे असेल तर उघडी पाठ सोयीची. मोठ्या मंचावर जोरकस रॉक वाजविणारे बहुधा बंद पाठ पसंत करतात. लाकडाचाही परिणाम असतो. बर्चचे प्लायवुड ताठ व टिकाऊ. पाईनची फळी हलकी व स्वतःही थोडी कंप पावणारी. लाकडाच्या भुशाचे दाबीव तक्ते स्वस्त, पण वजनदार आणि ओल लागली की फुगणारे. आमच्या पावसाळ्यात ही शेवटची गोष्ट विसरून चालणार नाही.

मोठी पेटी का जन्मली?

अमेरिकेतील फेंडर कंपनीच्या ‘बासमन’ या अँप्लिफायरच्या १९५९च्या नमुन्यात दहा इंची चार स्पीकर आणि उघडी पाठ होती. लंडनमधील वाद्यविक्रेते जिम मार्शल यांनी १९६२च्या सुमारास त्याच धर्तीचा अँप्लिफायर बनविला. मात्र त्यासाठी बारा इंची चार स्पीकरांची, बंद पाठीची निराळी पेटी योजली. १९६५ साली ‘द हू’ या मंडळीचे गिटारवादक पीट टाउनशेंड यांनी शंभर वॅटचा अँप्लिफायर आणि एकाच पेटीत आठ स्पीकर मागितले. ती पेटी इतकी जड झाली की उचलणारे मेटाकुटीस आले. शेवटी तिच्या दोन पेट्या करून त्या एकीवर एक रचण्यात आल्या. रॉकच्या मंचावर दिसणाऱ्या त्या काळ्या भिंतीची ही जन्मकथा.

त्या काळी सभागृहांची ध्वनियंत्रणा दुबळी होती. गिटारचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पेटीनेच पोचवावा लागे. आज पेटीसमोर एक मायक्रोफोन ठेवला की ते काम सभागृहाचे स्पीकर करतात. म्हणून आज एका बारा इंची स्पीकरची पेटीही मोठ्या कार्यक्रमाला पुरते. चार स्पीकरांची बंद पेटी सुमारे ३६ किलो भरते. एका स्पीकरची बहुधा तिच्या निम्म्याहून कमी. मोठी पेटी ज्या गरजेपोटी जन्मली, ती गरज आमच्या दोनशे माणसांच्या कौलारू सभागृहाला कधीच नव्हती.

ओहमचे गणित

स्पीकर वीजप्रवाहाला जो रोध करतो, तो ओहममध्ये मोजतात. गिटारचे स्पीकर बहुधा ८ किंवा १६ ओहमचे असतात. येथे विज्ञानाच्या पुस्तकातील धडा कामी येतो. ८ ओहमचे दोन स्पीकर एकसर जोडले तर १६ ओहम. समांतर जोडले तर ४ ओहम. १६ ओहमचे चार स्पीकर असतील, तर दोन-दोन एकसर जोडून ३२ ओहमच्या दोन जोड्या होतात व त्या जोड्या समांतर जोडल्या की पुन्हा १६ ओहम मिळतात. चार स्पीकरांची पुष्कळ कॅबिनेटे अशीच जोडलेली असतात.

व्हॉल्व्हच्या अँप्लिफायरवर जो आकडा निवडला असेल, तोच कॅबिनेटचा असावा. ट्रान्झिस्टरच्या अँप्लिफायरवर ‘किमान’ म्हणून जो आकडा लिहिलेला असतो, त्याच्या खाली जाऊ नये. आणि सर्वांत महत्त्वाचा नियम हा : व्हॉल्व्हचा अँप्लिफायर कॅबिनेट जोडल्यावाचून कधीही वाजवू नये. शक्तीला बाहेर जाण्यास वाट नसली की ट्रान्स्फॉर्मरमधील दाब भलताच वाढतो आणि तो जळू शकतो. त्या रात्री हेच घडले. तसेच, अँप्लिफायर व कॅबिनेट यांना जोडणारी तार जाड, खास स्पीकरची असावी. गिटारची बारीक तार तेथे वापरू नये, ती तापते.

वॅट म्हणजे मोठेपणा नव्हे

स्पीकरवरचा वॅटचा आकडा तो किती शक्ती सहन करील हे सांगतो. तो किती मोठ्याने वाजेल हे सांगत नाही. त्यासाठी डेसिबलचा आकडा पाहावा. एक वॅट दिला असता एक मीटरवर किती आवाज मिळतो, ते तो दाखवितो. सेलेस्टियन या इंग्रज कंपनीचे बारा इंची चार प्रसिद्ध स्पीकर घेऊ. ‘ब्लू’ १५ वॅटचा व १०० डेसिबलचा. ‘ग्रीनबॅक’ २५ वॅटचा व ९८ डेसिबलचा. ‘व्हिंटेज ३०’ हा, नावात तीस असले तरी, ६० वॅटचा व १०० डेसिबलचा. ‘जी १२ टी-७५’ हा ७५ वॅटचा व ९७ डेसिबलचा. शक्ती दुप्पट केली की ३ डेसिबल वाढतात. म्हणजे ‘ब्लू’ १५ वॅटवर जेवढा वाजेल, तेवढे वाजण्यास ७५ वॅटच्या स्पीकरला ३० वॅट द्यावे लागतील!

तरीही सहनशक्तीचा हिशेब चुकवू नये. कॅबिनेटमधील स्पीकरांच्या वॅटची बेरीज अँप्लिफायरच्या वॅटपेक्षा कमी नसावी. व्हॉल्व्हचा अँप्लिफायर तारस्वरात वाजविल्यास लिहिल्यापेक्षा अधिक शक्ती देतो, म्हणून दीडपट-दुप्पट असलेली बरी. सारख्याच ओहमचे २५ व ६० वॅटचे स्पीकर एकत्र बसविले तर बेरीज ८५ धरू नये. शक्ती दोघांत समान वाटली जाते, म्हणून दुबळ्याच्या दुप्पट, म्हणजे ५० वॅटच धरावे.

पारख कशी करावी?

तुलना करताना गिटार तीच, अँप्लिफायर तोच, अंतरही तेच असावे आणि दोन्ही पेट्यांचा आवाज सारखा करून घ्यावा. कारण जरा मोठ्याने वाजणारी पेटी कानाला नेहमी सरस भासते. पेटीकडे पाठ करून ऐकावे, म्हणजे नाव आणि किंमत कानात शिरत नाही. गिटारच्या स्पीकरचे तार स्वर समोर सरळ रेषेत जातात. पेटी जमिनीवर असली की ते वादकाच्या गुडघ्यांपाशी राहतात. त्याला वाटते आवाज मंद आहे, म्हणून तो बटण फिरवीत सुटतो आणि समोरच्या श्रोत्यांचे कान फुटतात. पेटी खुर्चीवर ठेवावी, म्हणजे वादक व श्रोते एकच आवाज ऐकतील. पेटी कोपऱ्यात ठेवल्यास खर्ज वाढतो, हेही ध्यानात असू द्यावे.

पालकांसाठी एक सूचना. अमेरिकेतील राष्ट्रीय व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संस्थेच्या शिफारशीप्रमाणे ८५ डेसिबलचा आवाज दिवसात आठ तासांपर्यंतच कानी पडावा. पुढे प्रत्येक ३ डेसिबलला हा वेळ निम्मा होतो. या हिशेबाने १०० डेसिबलला पंधरा मिनिटेच उरतात. आणि वर पाहिलेच आहे की, काही स्पीकर एका वॅटला एक मीटरवर तेवढा आवाज देतात. अँप्लिफायर पुन्हा दुरुस्त करता येतो. गेलेली श्रवणशक्ती परत येत नाही.

आता प्रसंगाचा शेवट सांगतो. मी त्या मुलाच्या घरी गेलो आणि त्याच्या आईवडिलांसमोर त्याला सांगितले की, चूक आमची होती. मग ट्रान्स्फॉर्मर बदलून घेतला आणि मोठ्या कॅबिनेटच्या बदल्यात दुसरे घ्यावयास गेलो, तेव्हा त्याला बरोबर नेले. अँप्लिफायरवरचा ओहमचा आकडा त्याने आधीच वहीत लिहून घेतला होता. पाठ करून त्याने चार पेट्या ऐकल्या आणि उघड्या पाठीची, एका बारा इंची स्पीकरची, ८ ओहमची पेटी निवडली. चौघींत ती सर्वांत स्वस्त निघाली. पुढच्या संमेलनात ती खुर्चीवर ठेवली होती आणि तार पक्की बसली आहे की नाही, हे त्याने स्वतः दोनदा पाहिले. त्या रात्री गिटार ऐकू आली, मुलींचे गाणे ऐकू आले, आणि घुमटही ऐकू आले.

तात्पर्य, पेटी निवडताना आधी आपले सभागृह पाहावे, मग अँप्लिफायरवरचे आकडे वाचावे, मग कानांनी पारखावे. आकार आणि किंमत यांचा विचार सर्वांत शेवटी. वर्गणीतून आलेला पैसा खर्च करणाऱ्यांनी तर हा क्रम कधीच उलटा करू नये.