किक मारण्याआधी दोन फेरे हाताने

ब्लॉक-पिस्टन नवा, कॅमचेन नवी, प्लग नवा, तरी गाडीला पिकअप नाही. अशी गाडी आली की कार्ब्युरेटर खोलण्याआधी मी टायमिंगच्या खुणा बघतो. मासवणला आमच्या गॅरेजवर येणाऱ्या बऱ्याच गाड्या तारापूर एमआयडीसीत शिफ्टला जाणाऱ्या पोरांच्या. गाडी बंद म्हणजे खाडा, म्हणून इंजिन बांधताना सगळ्यांनाच घाई असते.

अशीच एक स्प्लेंडर आली होती. इंजिनकाम दुसरीकडे झालेलं. किक हलकी लागत होती, कार्ब्युरेटरमधून फुसफुस यायची, सपाटीला पळायची पण मनोरकडच्या चढाला मागे ओढल्यासारखी. बिचाऱ्या मालकाने सीडीआयसुद्धा बदलून घेतला होता. मी मॅग्नेटची आणि हेडची झाकणं काढली. खाली मॅग्नेटवरचा टी, म्हणजे पिस्टन अगदी वर आल्याची रेघ, बरोबर खुणेवर, वर कॅम स्प्रॉकेटची खूण एक दात मागे. कॅम मागे पडला की इनलेट व्हॉल्व्ह उशिरा मिटतो. पिस्टन वर येताना आत घेतलेलं मिश्रण परत कार्ब्युरेटरकडे ढकलतो. कॉम्प्रेशन जातं ते तिथेच. वरच्या स्प्रॉकेटला 28 दात धरले तर एक दात म्हणजे कॅमचे जवळपास 13 अंश. आणि कॅमच्या एका फेऱ्याला क्रँक दोन फेरे घेतो, त्यामुळे क्रँकवर ते 26 अंश होतात. एवढा फरक कुठलाही जेट भरून काढत नाही.

खुणा जुळवूनही दात चुकतो कसा? चेन सैल असताना जुळवल्या तर. टेन्शनर ज्या बाजूला दाबतो, तिच्या समोरची, म्हणजे ओढणारी बाजू आधी ताठ हवी. सगळी ढिलाई टेन्शनरच्या बाजूला यायला हवी. टेन्शनर बसवल्यावर खुणा परत बघायच्याच. मॅग्नेटवर एफचीही रेघ असते, ती ठिणगीची. टायमिंग टी वर लावायचं, एफ वर नाही. घाणीत आणि तेलात ती दोन अक्षरं पटकन फसवतात, म्हणून आधी मॅग्नेट पुसून घ्या.

स्प्रॉकेट काढताना चेन तारेने बांधून ठेवा आणि चेनच्या खाचेत फडकं कोंबा. बोल्ट आत पडला तर अख्खं इंजिन उघडावं लागू शकतं. चेन सैल असताना क्रँक फिरवू नका, ती खाली गोळा होऊन अडकते.

नवी पोरं विचारतात, दादा, टी आला पण हा कॉम्प्रेशनचा की एक्झॉस्टचा? कॅम निघालेला असेल तर काळजी नको. कॉम्प्रेशन कुठलं ते कॅम ठरवतो, आणि या इंजिनांत ठिणगी क्रँकच्या प्रत्येक फेऱ्याला पडते. टॅपेट लावताना मात्र फरक पडतो. दोन्ही रॉकर हाताने किंचित हलतात तोच टी धरा. रॉकर ताठ लागले तर अजून एक पूर्ण फेरा द्या. अर्धवट उघड्या व्हॉल्व्हवर गॅप लावला की नंतर टॅपेट वाजत राहतात.

सगळं बसलं की मॅग्नेटच्या नटावर पाना लावून क्रँक पूर्ण दोन फेरे हाताने फिरवा, तोही चालायच्याच दिशेने, म्हणजे डावीकडून बघताना घड्याळाच्या उलट. उलटा फिरवला तर ढिलाई ओढणाऱ्या बाजूला जाते आणि खूण खोटी दिसते. मध्ये कुठे टणक अडलं तर जोर लावायचा नाही. तिथे पिस्टन व्हॉल्व्हला भिडलेला असू शकतो. प्लग काढून फिरवा, म्हणजे कॉम्प्रेशनचा विरोध आणि खरा अडथळा हाताला वेगळे कळतात. किनाऱ्यावर फिरवायच्या छोट्या 110 सीसी एटीव्हींतही बहुधा स्प्लेंडरच्याच जातीचं आडवं इंजिन असतं, पण त्यांना सेल्फ. किकवर निदान पायाला अडल्याचं कळतं. सेल्फची मोटर काही न कळता व्हॉल्व्ह वाकवून मोकळी होते.

दोन फेऱ्यांनंतर खूण दोन दातांच्या मध्येच राहत असेल, इकडे सरकवली तर पुढे, तिकडे सरकवली तर मागे, तर चेन लांबलेली आहे, किंवा लेथवर हेड घासून उंची कमी झाली आहे. जवळचा दात धरून भागवू नका. आधी नवी चेन टाकून बघा, आणि हेड कुठे घासलं होतं का, हे मालकाला स्पष्ट विचारा.