फुप्फुसाच्या सीटीमागची तीन माणसं

नीटचे मार्क अपेक्षेपेक्षा कमी आले की घरात ‘आता पॅरामेडिकल बघू’ अशी चर्चा सुरू होते. सूर असा, की काहीच जमलं नाही तर हे. निदान रेडिओलॉजीच्या बाबतीत तरी हा सूर मला मान्य नाही. का, ते एका तपासणीवरून सांगतो.

पाय सुजलेला आणि अचानक धाप लागलेली एक बाई इमर्जन्सीत येते. पायातली रक्ताची गुठळी फुप्फुसाच्या धमनीत जाऊन अडकली असावी, असा डॉक्टरांना संशय आहे. साध्या सीटी अँजिओग्राफीत गुठळी दिसते. ड्युएल एनर्जी सीटी त्यापुढे जाऊन त्या गुठळीमुळे फुप्फुसाच्या कोणत्या भागाचा रक्तपुरवठा तुटला, हेही दाखवतो. एकाच वेळी साधारण 80 आणि 140 किलोव्होल्ट अशा दोन ऊर्जांच्या क्ष-किरणांनी छाती पाहिली जाते. शिरेतून दिलेल्या कॉन्ट्रास्टमधलं आयोडीन कमी ऊर्जेच्या किरणांना कितीतरी जास्त अडवतं. स्नायूंच्या बाबतीत हा फरक थोडा असतो. दोन्ही मोजमापं ताडून संगणक फक्त आयोडीनचा नकाशा काढतो. आयोडीन पोचलं तिथे रक्त पोचलं. यामागचा फोटोइलेक्ट्रिक परिणाम बारावीच्या फिजिक्सच्या पुस्तकातच आहे, हे मुलांना मुद्दाम सांगायला हवं.

आता मशीनशेजारच्या टेक्नॉलॉजिस्टकडे बघा. मूत्रपिंडाचं काम सांगणारं क्रिएटिनिन किती, पूर्वी कॉन्ट्रास्टची अ‍ॅलर्जी झाली होती का, हे तो तपासतो. कोपराच्या खोबणीतल्या जाडसर व्हेनफ्लॉनमधून (शिरेत घातलेल्या नळीतून) सेकंदाला 4-5 मिलिलिटर वेगाने औषध जाणार, म्हणून शीर नीट पकडली आहे ना, हे बघतो. मग श्वासाची रंगीत तालीम. धापा टाकणाऱ्या माणसाला ‘मोठ्ठा श्वास घ्या’ म्हटलं तर पोटाकडून येणारं बिनकॉन्ट्रास्टचं रक्त हृदयात घुसतं आणि ऐन वेळी धमनी फिकी पडते. म्हणून तो म्हणतो, ‘ताई, नेहमीसारखाच श्वास घ्या आणि मी सांगेन तेव्हा फक्त थांबवा.’ हे जमलं नाही तर कोट्यवधींचं मशीनही निदान देत नाही. असं काम करणाऱ्याला ‘बटण दाबणारा’ म्हणणं मला अन्यायाचं वाटतं.

पुढचं काम रेडिओलॉजिस्टचं. नकाशावर पाचरीच्या आकाराचा काळा भाग दिसला म्हणजे गुठळीच, असं नाही. एम्फिसीमा या फुप्फुसाच्या आजारातही नकाशावर काळा भाग दिसतो. वरच्या महाशिरेत कॉन्ट्रास्ट दाट साचला तर शेजारी खोटे डाग उमटतात. म्हणून नकाशा, धमनी आणि फुप्फुसाची नेहमीची चित्रं एकत्र वाचावी लागतात. जुन्या गुठळ्यांमुळे फुप्फुसातला रक्तदाब वाढलेल्या काही रुग्णांवर शस्त्रक्रिया होऊ शकते. असे रुग्ण ओळखायलाही हा नकाशा मदत करतो. एआय संशयित गुठळीवर खूण करून देतं, पण रिपोर्टवर सही डॉक्टरचीच असते. एमबीबीएसची इंटर्नशिपसह साडेपाच वर्षं आणि मग एमडी किंवा डीएनबीची तीन. वाट लांब आहे, हे आधीच मान्य करा.

तिसरा माणूस सहसा दिसत नाही, तो म्हणजे किरणांचा डोस आणि मशीनची अचूकता तपासणारा मेडिकल फिजिसिस्ट. फिजिक्समध्ये एमएस्सी केल्यानंतर मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातला रेडिओलॉजिकल फिजिक्सचा डिप्लोमा हा यातला नावाजलेला मार्ग. नोकऱ्या मुख्यतः कॅन्सरच्या रेडिओथेरपी विभागांत असतात. गणित आवडणाऱ्या, पण इंजिनीअरिंगला नाही म्हणणाऱ्या मुलीला मी हा मार्ग आवर्जून सुचवतो.

पालकांची खरी भीती रेडिएशनची, त्यातही मुलगी असेल तर जास्त. सीटी चालू असताना टेक्नॉलॉजिस्ट शिशाच्या काचेआड असतो. छातीवरचा टीएलडी बॅज त्याच्या अंगावर पडलेला डोस नोंदवतो. अणुऊर्जा नियामक मंडळाची मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला 20 मिलिसिव्हर्ट आहे आणि कोणत्याही एका वर्षात 30च्या वर जाता येत नाही. गरोदरपण कळवल्यावर गर्भासाठी उरलेल्या काळात मर्यादा 1 मिलिसिव्हर्ट असते आणि कामाची जागा त्याप्रमाणे बदलली जाते. नियम पाळणाऱ्या विभागात मुलीला पाठवायला घाबरू नका. जिथे बॅजच देत नाहीत, तिथे मात्र मुलगा असो वा मुलगी, पाठवू नका.

टेक्नॉलॉजिस्टसाठी बारावी सायन्सनंतर मेडिकल इमेजिंगची पदवी घ्यावी. सुरुवातीचा पगार बेताचा असतो, रात्रपाळ्या असतात, हे मुलांपासून लपवू नका. प्रवेशाआधी कॉलेजला स्वतःचं रुग्णालय आहे का, ते बघा. शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्याला गाठून विचारा, ‘सीटीच्या कन्सोलवर स्वतः किती बसलास? कॉन्ट्रास्टची केस हातून केलीस का?’ त्याने फक्त वर्गातल्या स्लाइड्सच सांगितल्या, तर फी भरण्याआधी दुसरं कॉलेज बघा. अभ्यासक्रमाला मान्यता कोणाची, हे लेखी मागा. 2021च्या कायद्याने या व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोग आणि नोंदणीची तरतूद झाली आहे, तेव्हा हा प्रश्न विचारताना संकोच नको.