मुक्या सोबत्याचा खाऊ

नाताळ जवळ आला कीं घरोघरीं केक व नानकटाई भाजण्याची गडबड उडते, आणि दिवाळींत तर कढई चुलीवरून उतरतच नाहीं. त्या खमंग वासानें मुलें जशीं स्वयंपाकघराच्या दाराशीं घुटमळूं लागतात, तसा घरचा कुत्राही शेपूट हालवीत तेथें येऊन बसतो. त्याच्या डोळ्यांतील आर्जव पाहून मुलांचें मन द्रवतें, आणि मनुका घातलेल्या केकचा तुकडा किंवा चॉकलेटची वडी त्याच्यापुढें टाकली जाते. येथें देणाऱ्याचा हेतु निर्मळ असतो यांत शंका नाहीं. परंतु हेतु निर्मळ असला म्हणजे दान हितकर ठरतेंच असें नाहीं. घेणाऱ्याची प्रकृति ओळखल्यावांचून केलेली दया कधीं कधीं घातक होते. विद्यार्थिमित्रहो, कुत्र्यासाठीं घरीं खाऊ कसा भाजावा हें आम्ही या लेखांत सांगणार आहों. आणि त्या निमित्तानें दया व ज्ञान यांची सांगड कशी घालावी हेंही आपण पाहूं.

मुक्या प्राण्यास आपल्या घासांतील वांटा देण्याची कल्पना आपणांस नवी नाहीं. भाकरी घेऊन पळणाऱ्या कुत्र्याच्या मागें तुपाची वाटी घेऊन धांवणाऱ्या संत नामदेवांची कथा महाराष्ट्रांत कोणास ठाऊक नाहीं? मत्तयाच्या शुभवर्तमानांतही, मेजाखालच्या कुत्र्यांचा दाखला देऊन आपल्या मुलीसाठीं प्रभूपाशीं याचना करणारी कनानी स्त्री आपणांस भेटते. या दोन्ही कथांचा मुख्य बोध आध्यात्मिक आहे. तथापि माणसाच्या अन्नांत कुत्र्याचा वांटा असतो ही गोष्ट त्यांत गृहीतच धरलेली आहे.

विज्ञानही या नात्याची साक्ष देतें. कुत्रा हा लांडग्याच्या कुळांतला. शेतीचा शोध लागण्यापूर्वींपासून, निदान चौदा हजार वर्षें, तो माणसाच्या सहवासांत आहे. २०१३ सालीं स्वीडनमधील उप्साला विद्यापीठांतील एरिक ॲक्सेल्सन व त्यांचे सहकारी यांनीं कुत्रा व लांडगा यांच्या जनुकांची तुलना प्रसिद्ध केली. पिष्ट पचविणारें ॲमिलेझ नांवाचें द्रव्य ज्या जनुकामुळें स्वादुपिंडांत तयार होतें, त्याच्या लांडग्यांत दोनच प्रती असतात. कुत्र्यांत मात्र त्या चारपासून तीसपर्यंत आढळल्या. म्हणजे माणूस धान्य पिकवूं लागला, तसें त्याच्या दाराशीं राहणाऱ्या कुत्र्याचें पोटही धान्य पचवूं लागलें. गव्हाची भाजलेली बिस्किटें कुत्र्यास मानवतात तीं यामुळेंच. परंतु सर्वच बाबतींत त्याचें पोट माणसासारखें झालेलें नाहीं, आणि खरी मेख येथेंच आहे.

कुत्र्यांसाठीं म्हणून निराळीं बिस्किटें विकण्याचा व्यवसाय इंग्लंडांत १८६० च्या सुमारास जेम्स स्प्रॅट या अमेरिकन गृहस्थानें सुरू केला. गोदीवर टाकून दिलेलीं खलाशांचीं कडक बिस्किटें कुत्रीं आवडीनें खातांना पाहून त्याला ही युक्ति सुचली, असें सांगतात. गहूं, भाज्या व मांस यांच्या मिश्रणाचीं तीं बिस्किटें लवकरच लोकप्रिय झालीं. पुढें १९०८ सालीं न्यूयॉर्कमधील बेनेट कंपनीनें हाडाच्या आकाराचें बिस्किट काढलें, आणि तो आकार आज जगभर ओळखीचा झाला आहे. परंतु त्या बिस्किटाचा मूळ धर्म पाहिला तर त्यांत गूढ असें कांहींच नाहीं. पीठ, थोडें पौष्टिक द्रव्य आणि चांगली कोरडी भाजणी, एवढेंच त्याचें रहस्य होय. आणि तें कोणत्याही घरीं साधतां येतें.

कृति सांगण्यापूर्वीं, या खाऊंत काय नसावें तें पाहिलें पाहिजे. कारण येथें एका जिन्नसाची चूक प्राणावर बेतते.

पहिलें चॉकलेट. कोकोमध्यें थिओब्रोमाइन नांवाचें द्रव्य असतें. कुत्र्याच्या शरीरांतून तें माणसापेक्षां फार सावकाश बाहेर पडतें. त्यामुळें वांत्या होतात, हृदयाचे ठोके वाढतात, अंगास कंप सुटतो व आंचकेही येतात. चॉकलेट जितकें काळें व कडू, तितकें तें अधिक विषारी.

दुसरीं द्राक्षें व मनुका. यांमुळें कुत्र्याचीं मूत्रपिंडें निकामी होऊं शकतात, आणि कोणत्या कुत्र्यास किती मनुका बाधतील हें आधीं सांगतां येत नाहीं. टार्टारिक आम्ल हें याचें कारण असावें, असा तर्क अमेरिकेंतील पशुवैद्यांनीं २०२१ सालीं मांडला. तेंच आम्ल आपल्या चिंचेंतही असतें. म्हणून चिंचही कुत्र्यापासून दूर ठेवणें शहाणपणाचें.

तिसरा कांदा, आणि त्याचा भाऊ लसूण. यांतील गंधकयुक्त द्रव्यें कुत्र्याच्या रक्तांतील तांबड्या पेशींचा नाश करतात. शिजविल्यानें किंवा वाळविल्यानें हा दोष जात नाहीं. रश्श्यांत बुडविलेली पोळी कुत्र्यास घालण्याची पद्धत पुष्कळ घरांत आहे, ती यासाठीं टाकली पाहिजे.

चौथें झायलिटॉल. हें साखरेऐवजीं वापरण्याचें एक गोड द्रव्य असून, बिनसाखरेच्या कित्येक च्युइंगममध्यें व क्वचित् शेंगदाण्याच्या लोण्यांतही तें असतें. माणसास निरुपद्रवी असलेल्या या पदार्थामुळें कुत्र्याच्या शरीरांत इन्सुलिन एकाएकीं स्रवतें, रक्तांतील साखर उतरते, आणि यकृतासही धोका पोंचतो.

शेवटीं, यीस्ट घातलेली कच्ची कणीक. ती कुत्र्याच्या उबदार पोटांत फुगत राहते व तेथें मद्यार्क तयार होतो. म्हणून पाव मळून झांकून ठेवला असेल, तर तो उंचावर ठेवावा.

यांपैकीं कांहीं कुत्र्याच्या पोटांत गेलेंच, तर लक्षणें दिसण्याची वाट पाहूं नये. काय खाल्लें, किती खाल्लें व केव्हां खाल्लें हें लिहून घेऊन तत्काळ पशुवैद्यास कळवावें. मिठाचें पाणी पाजून वांती करविण्यासारखे घरगुती उपाय करूं नयेत. त्यांनीं अपाय होतो.

आतां कृति. कणीक २०० ग्रॅम, सालबिया काढून पाण्यांत शिजविलेला व चांगला निथळून कुस्करलेला लाल भोपळा सुमारें १०० ग्रॅम, एक अंडें आणि शेंगदाण्याचें तेल एक चहाचा चमचा, एवढेंच साहित्य लागतें. मीठ, साखर, गूळ, वेलदोडा, जायफळ यांतील कांहींही घालूं नये. आपल्या जिभेस हा खाऊ अळणी लागेल. परंतु तो आपल्या जिभेसाठीं नाहींच.

कणकेंत तेल चोळून अंडें फोडून घालावें, आणि भोपळा थोडाथोडा मिसळीत पोळीच्या कणकेहून घट्ट गोळा मळावा. भोपळा पाणचट निघाल्यास तो सगळा लागणार नाहीं. गोळा अर्धा तास झांकून ठेवून अर्धा सेंटिमीटर जाडीची पोळी लाटावी, आणि शंकरपाळ्यांप्रमाणें कातण्यानें अडीच ते तीन सेंटिमीटरांचे चौकोन कापावे. सुमारें ८० तुकडे होतील. ते १७५ अंश सेल्सिअस उष्णतेच्या भट्टींत २५ ते ३० मिनिटें भाजावे, मग आंच बंद करून ते भट्टींतच निवूं द्यावे. भट्टी नसेल त्यांनीं जाड बुडाच्या कढईंत मिठाचा थर पसरावा, त्यावर तिवई व ताटली ठेवून झांकण घालावें, आणि नानकटाईप्रमाणें मंद आंचेवर खाऊ भाजावा. हें काम मुलांनीं वडील मंडळींच्या देखरेखीखालींच करावें.

यांतील प्रत्येक गोष्टीस कारण आहे. गव्हांतील चिकट प्रथिनानें गोळा बांधला जातो. नाचणीच्या पिठांत तो चिकटपणा नाहीं. म्हणून थोडी नाचणी घालावयाची झाल्यास अंड्याच्या बांधणीवर विसंबावें लागतें. भोपळ्यानें ओलावा व कोंडा दोन्हीही मिळतात. भाजतांना प्रथिनें व शर्करा यांच्या संयोगानें तांबूस रंग व खमंग वास येतो. या क्रियेचें वर्णन फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लुई कामिय मायार यांनीं १९१२ सालीं केलें. आणि शेवटची सावकाश वाळवण ही सर्वांत महत्त्वाची, कारण ओलावा राहिला कीं बुरशी आलीच. १९६० सालीं इंग्लंडांत लाखाहून अधिक टर्की पक्षी एकाएकीं मेले. शोध घेतां, त्यांच्या खाद्यांतील शेंगदाण्याच्या पेंडीवर वाढलेल्या बुरशीचें विष त्यास कारण ठरलें. त्यासच पुढें अफ्लाटॉक्सिन हें नांव मिळालें. कुत्रीं या विषास फार लवकर बळी पडतात. यास्तव खाऊ घट्ट झांकणाच्या डब्यांत ठेवून आठवड्याच्या आंत संपवावा, पावसाळ्यांत विशेष जपावें, आणि बुरशीचा एक ठिपका दिसला तरी सगळा डबा टाकून द्यावा. आपण जें खाणार नाहीं असें शिळें व खवट कुत्र्यास चालतें, ही समजूत चुकीची आहे.

खाऊ तयार झाला. आतां तो किती द्यावा? येथें आमच्या गणिताच्या विद्यार्थ्यांस काम आहे. वरील साहित्यांत २०० ग्रॅम कणकेच्या सुमारें ६८०, अंड्याच्या ७०, तेलाच्या ४० व भोपळ्याच्या २५, मिळून सुमारें ८१५ किलोकॅलरी होतात. ८० तुकड्यांत त्या वांटल्या म्हणजे एका तुकड्यास सुमारें १० आल्या. दिवसाच्या गरजेच्या दशांशाहून अधिक भाग खाऊचा असूं नये, असा पशुवैद्यांचा सामान्य नियम आहे. ती गरज कशी काढावी? १९३२ सालीं मॅक्स क्लायबर या शास्त्रज्ञानें दाखविलें कीं, प्राण्याची ऊर्जेची गरज वजनाच्या पटींत वाढत नसून, वजनाच्या तीन-चतुर्थांश घाताच्या पटींत वाढते. तेव्हां किलोग्रॅमांतील वजनाचा घन करावा, त्याचें वर्गमूळ काढावें, आणि त्या मुळाचेंही पुन्हां वर्गमूळ काढावें. येईल त्यास ७० नें गुणिलें म्हणजे स्वस्थ पडून राहण्यापुरती गरज निघते. घरांत वावरणाऱ्या प्रौढ कुत्र्यासाठीं तीस आणखी १.६ नें गुणावें.

दहा किलोच्या कुत्र्याचें उदाहरण घेऊं. घन १०००, पहिलें वर्गमूळ ३१.६२, दुसरें ५.६२, त्याची ७० पट ३९४ व तिची १.६ पट ६३०. दशांश ६३, म्हणजे सहा तुकडे. याच रीतीनें वीस किलोच्या कुत्र्यास दहा व पांच किलोच्या कुत्र्यास तीन तुकडे येतात. वजन दहाचें वीस किलो, म्हणजे दुप्पट, झालें तरी खाऊ दुप्पट झाला नाहीं, हें लक्षांत घ्यावें. शिवाय जितका खाऊ दिला तितकें जेवण कमी केलें पाहिजे. हा हिशेब सर्वसाधारण होय. पिलें, गाभण माद्या व आजारी कुत्रीं यांसाठीं पशुवैद्याचाच सल्ला घ्यावा.

एवढी काटकसर कशाला, असें कोणी कोमल मनाचें मूल विचारील. त्यास उत्तर म्हणून २००२ सालीं अमेरिकेंत प्रसिद्ध झालेला एक प्रयोग सांगतों. लॅब्रॅडोर जातीचीं ४८ पिलें दोन-दोनांच्या जोड्या करून जन्मभर सांभाळलीं गेलीं. जोडींतील एकास जितकें अन्न मिळे, त्याहून पाव हिस्सा कमी दुसऱ्यास मिळे. अधिक खाणाऱ्यांचें मध्यम आयुष्य ११.२ वर्षें भरलें, तर बेतानें खाणाऱ्यांचें १३ वर्षें. आणि सांधेदुखीसारखे विकारही बेतानें खाणाऱ्यांस उशीरा जडले. कुत्र्याच्या लहानशा आयुष्यांत जवळजवळ दोन वर्षें म्हणजे केवढा काळ! आपल्या हाताची सढळ संवय ही त्या मुक्या सोबत्याच्या आयुष्यांतून वजा होत असते. नामदेवांच्या कथेंतील जिव्हाळा आपण अवश्य घ्यावा, पण तुपाची वाटी मात्र आवरावी. कारण स्निग्ध पदार्थ फार झाल्यास कुत्र्याच्या स्वादुपिंडाचा दाह होतो.

खाऊ देण्याचीही रीत आहे. आपण जेवतांना ताटांतून घास टाकूं नये. त्यानें कुत्र्यास मागण्याची खोड लागते. ‘बस’ म्हटल्यावर तो बसला, हांक मारतांच आला, कीं लागलीच तुकड्याचा चतुर्थांश मोडून द्यावा. अशानें एका तुकड्यांत चार वेळां शाबासकी देतां येते व शिस्तही लागते. रस्त्यावरील अनोळखी कुत्र्यास मुलांनीं हातानें भरवूं नये. वडील मंडळींस सांगून अन्न बाजूस ठेवावें, व स्वच्छ पाण्याचें भांडें भरून ठेवण्याचा नेम धरावा.

दया ही अंतःकरणाची देणगी आहे, परंतु ती हितकर व्हावी म्हणून तिला विद्येची जोड लागते. आपल्यास जें गोड लागतें तें दुसऱ्यास देणें सोपें आहे. दुसऱ्यास जें मानवतें तें शोधून देणें यांत श्रम आहेत, आणि खरें प्रेम त्या श्रमांनींच ओळखलें जातें. रसायनशास्त्राचा धडा, वर्गमूळाचें गणित व आरोग्यशास्त्राचे नियम हे केवळ परीक्षेपुरते नाहींत. घरांतील एका मुक्या जीवाचें आयुष्य वाढविण्यासही ते उपयोगीं पडतात. या सुट्टींत आमच्या विद्यार्थ्यांनीं आपल्या आईवडिलांसमवेत हा खाऊ अवश्य करून पाहावा, आणि डब्यावर दिवसाच्या तुकड्यांची संख्या ठळक अक्षरांत लिहून ठेवावी, अशी आमची शिफारस आहे.