प्रोग्रॅम उघडला म्हणजे बिल निघालं असं नाही

भिवंडीतल्या धामणकर नाक्यावर वीज बिलाबद्दल मत नसलेला माणूस मिळणं कठीण. २६ जानेवारी २००७ ला महावितरणने भिवंडीचं वीजवाटप फ्रँचायझी म्हणून टोरंट पॉवरकडे दिलं. देशातला असा हा पहिलाच प्रयोग. त्या वेळी वीजगळती ५८ टक्क्यांच्या आसपास होती आणि पुढच्या काही वर्षांत ती विशीच्या घरात आली. ते कसं झालं, कोणाच्या खिशातून झालं, यावर इथे रोज वाद होतात. मला त्या वादात पडायचं नाही. मला एवढंच दिसतं की ग्राहक महावितरणचा, दर नियामक आयोगाचा, यंत्रमागाची सवलत सरकारची आणि वसुली फ्रँचायझीची. हे सगळं शेवटी संगणकातल्या एका नोंदीत येऊन बसतं. त्या नोंदीत वर्गवारीचा कोड चुकला, तर कारखानदाराच्या हातात भलत्याच आकड्याचं बिल पडतं.

मी पोटापाण्यासाठी असल्याच नोंदी ठेवणारे संगणक सांभाळतो. राहायला नाक्याजवळ असलो, तरी पुढची हकीकत भिवंडीच्या वीजवाटपातली नाही. ती दुसऱ्या शहरातल्या एका वितरण संस्थेतली आहे. नाव सांगत नाही.

त्या कार्यालयात जुन्या विंडोज एक्सपीच्या मशिनी होत्या. मायक्रोसॉफ्टने एक्सपीचा पाठिंबा ८ एप्रिल २०१४ ला थांबवला, तरी त्या तशाच चालू होत्या, कारण मीटर वाचायचे प्रोग्रॅम नव्या विंडोजवर धड चालत नव्हते. प्रत्येक मीटर कंपनीचा प्रोग्रॅम वेगळा, एकाला जावाची जुनी आवृत्ती लागते, दुसऱ्याला नवी, आणि दोन्ही एका मशिनीवर टाकले की एक तरी रुसतो. यावर ठेकेदाराने ॲप्लिकेशन व्हर्च्युअलायझेशन सुचवलं. प्रोग्रॅम मशिनीवर इन्स्टॉल करायचाच नाही. त्याच्या फायली, सेटिंग, जावा, सगळं एका पॅकेजमध्ये बांधायचं आणि ते पॅकेज नव्या विंडोजवर उघडायचं. आपला डबा आपणच घेऊन आलेल्या पाहुण्यासारखं. घरच्या स्वयंपाकघराला हात नाही.

कल्पना चांगलीच आहे, आणि एका टेबलावरच्या तीन मशिनींचं काम एकीवर आणायला याहून स्वस्त उपाय मी पाहिलेला नाही. सादरीकरणाच्या दिवशी साहेबांसमोर सगळे प्रोग्रॅम एकापाठोपाठ उघडले. चहा झाला, सह्या झाल्या, जुन्या मशिनी भंगाराच्या यादीत गेल्या.

घोळ महिनाअखेरीला कळला. मोठ्या ग्राहकांच्या मीटरला ऑप्टिकल कॉर्ड लावून हातातल्या यंत्रात रीडिंग घेतात, कार्यालयात येऊन ते संगणकावर उतरवतात आणि तयार झालेली फाइल बिलिंगच्या प्रोग्रॅमला देतात. बिलिंगच्या मॅडमनी नेहमीप्रमाणे रीडिंग उतरवलं, स्क्रीनवर 'सेव्ह झालं' असं आलं. बिलिंगचा प्रोग्रॅम उघडला तर फाइल नाही. सी ड्राइव्हवरचं तेच फोल्डर, तेच नाव, आणि आत काहीच नाही. झालं होतं असं की मीटरच्या प्रोग्रॅमला जे सी ड्राइव्हवरचं फोल्डर वाटत होतं, ते पॅकेजच्या पोटातलं होतं. आमच्या धंद्यात त्याला बबल म्हणतात. फाइल बबलमध्ये लिहिली गेली आणि बिलिंग बबलच्या बाहेर.

मॅडमनी हेल्पडेस्कला फोन लावला. पलीकडच्या मुलाने विचारलं, "प्रोग्रॅम अडकतोय का?" मॅडम म्हणाल्या, "अडकत नाही हो, फाइल दिसत नाहीये." त्याने मशिन लांबूनच हातात घेतली आणि 'रिपेअर' दाबलं. या रिपेअरमध्ये पॅकेज मूळ स्थितीत जातं आणि वापरणाऱ्याने आत लिहिलेलं सगळं पुसलं जातं. हातातलं यंत्र रीडिंग उतरवून झाल्यावर रिकामं केलेलंच होतं. त्या महिन्यात त्या भागातल्या मोठ्या ग्राहकांना सरासरीची बिलं गेली आणि पुढचे दोन महिने काउंटरवर तक्रारींची रांग.

त्या मुलाला दोष देण्यात अर्थ नाही. पॅकेज बांधणाऱ्याने प्रोग्रॅम पाहिला होता, काम पाहिलं नव्हतं. म्हणून ज्यांच्याकडे हे काम येणार आहे त्यांना सांगतो: आधी बिलिंगच्या टेबलाशेजारी खुर्ची टाकून एक अख्खं बिल-चक्र बसा. फाइल कुठून येते, कोण कुठे ठेवतं, कोणता प्रोग्रॅम ती उचलतो, हे कारकुनाकडून ऐकू नका, डोळ्यांनी बघा. कारकून 'आपोआप जातं' म्हणतो तिथे हमखास काहीतरी लपलेलं असतं. फाइल ठेवायची जागा पॅकेजच्या बाहेर, सर्व्हरवर, रोज बॅकअप होणारी असू द्या. एकमेकांना फाइल देणारे प्रोग्रॅम एकत्र जोडून चालवता येतात, ती सोय आहे, पण मागितली तरच मिळते.

मग मशिनीच्या मागे वाकून पाहा. जुन्या प्रोग्रॅमचा डोंगल, कॉर्डचं सिरियल पोर्ट, डॉट मॅट्रिक्स प्रिंटर, यांचे ड्रायव्हर पॅकेजमध्ये बसत नाहीत. ते नव्या विंडोजसाठी मिळतात का, हे पैसे देण्याआधी विचारा. डॉसच्या काळातला सोळा बिटी प्रोग्रॅम चौसष्ट बिटी विंडोजवर पॅकेज करूनही चालत नाही, त्याला पूर्ण व्हर्च्युअल मशिनच लागते. मराठी छापणारे जुने फाँट तर बिल प्रत्यक्ष कागदावर आल्याशिवाय कळतच नाहीत. पडद्यावर ठीक दिसतं आणि छापताना ग्राहकाच्या नावाची वाट लागते.

आणखी एक गैरसमज. पॅकेज केलं की जुना प्रोग्रॅम सुरक्षित होतो, असं काही साहेब धरून चालतात. तसं नाही, त्यातली भोकं तशीच राहतात. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा रॅन्समवेअर आला तेव्हा पश्चिम बंगालच्या वीजवाटप कंपनीच्या कार्यालयांतले संगणक बंद पडले होते, ते आपल्याकडच्या संगणकांहून फार वेगळे नव्हते. शिवाय हे साधनही कायमचं नाही. ॲप-व्ही या मायक्रोसॉफ्टच्या ॲप्लिकेशन व्हर्च्युअलायझेशन साधनाच्या सर्व्हरचा पाठिंबा एप्रिल २०२६ पर्यंतच असल्याचं मायक्रोसॉफ्टने जाहीर केलं. तेव्हा जुना प्रोग्रॅम कधी निवृत्त करणार, ती तारीख पहिल्या दिवशीच कागदावर हवी.

जुनी मशिन भंगारात देऊ नका. नेटवर्कपासून तोडून, चालू स्थितीत, कपाटात राहू द्या. आणि निविदेत एक अट घाला: शेवटचा हप्ता प्रोग्रॅम उघडल्यावर नाही, तर रीडिंगपासून वसुलीच्या नोंदीपर्यंत सलग दोन बिल-चक्रं पूर्ण झाल्यावर, आणि तेही बिलिंगच्या टेबलावरच्या माणसाच्या सहीने. ठेकेदार कुरकुर करतात, पण मान्य करतात.