तेलाच्या आगगाडीची वाट

भूमध्य सागराभोवतालच्या ग्रामीण प्रदेशात सायकलीने प्रवास करू इच्छिणाऱ्यास पहिली अडचण येते ती चढाची. या प्रदेशातील जुनी गावे बहुधा टेकड्यांच्या माथ्यावर वसलेली आहेत. खालच्या दलदलीतील हिवताप, लुटारूंचे भय आणि सपाट जमीन पिकासाठी राखून ठेवण्याची गरज या कारणांनी माणसे वर राहिली. त्यांच्या वाटा खेचरांच्या पायांनी पडलेल्या होत्या. खेचराला वळसा घेण्यापेक्षा सरळ चढणे परवडते. सायकलीला ते परवडत नाही.

याचे गणित सोपे आहे. निरोगी परंतु खेळाडू नसलेला मनुष्य तासन्‌तास पायडल मारीत राहिला, तर तो सुमारे शंभर वॉट इतकी शक्ती देऊ शकतो. तो स्वतः, त्याची सायकल आणि सामान मिळून शंभर किलो वजन धरले, तर शंभर मीटर अंतरात दोन मीटर वर नेणाऱ्या चढावर तो ताशी दहा-अकरा किलोमीटर वेगाने जाईल. तोच चढ शंभरात आठ मीटर झाला की वेग ताशी चार किलोमीटरवर येतो. हा तर पायी चालणाऱ्याचा वेग. एवढ्या मंद गतीने सायकलीचा तोल सांभाळणेही कठीण होते. फ्रान्समधील व्हाँतू पर्वतावर बेद्वाँ गावाहून जाणारा रस्ता सुमारे एकवीस किलोमीटर लांब असून त्याचा सरासरी चढ शंभरास सात मीटरांहून अधिक आहे. शर्यतीतील सायकलपटूंमुळे तो जगप्रसिद्ध झाला असला, तरी सहकुटुंब सहलीला निघालेल्यांच्या तो काही कामाचा नाही.

चढापुढे माणसाइतकेच हतबल होणारे दुसरे वाहन म्हणजे वाफेची आगगाडी. पोलादी रुळांवर पोलादी चाक घसरते. म्हणून भरलेली मालगाडी ओढायची असेल, तर चढ अतिशय सौम्य ठेवावा लागतो. एकोणिसाव्या शतकातील अभियंत्यांनी त्यासाठी टेकड्यांना वळसे घातले, कडे फोडले, ओढ्यांवर लोखंडी पूल उभारले. हे श्रम त्यांनी सायकलस्वारांसाठी केले नव्हते. परंतु शंभर वर्षांनी त्यांचा लाभ मिळाला तो सायकलस्वारांना, आणि दक्षिण स्पेनमधील आंदालुसिया प्रांतात हे विशेष स्पष्टपणे दिसते.

तेथील लिनारेसच्या खाणीतील शिसे आणि हाएन व कोर्दोबा जिल्ह्यांतील ऑलिव्हचे तेल वाहून नेण्यासाठी लिनारेस ते पुएन्ते हेनील हा लोहमार्ग १८९०च्या दशकात पुरा झाला. लोक त्याला ‘तेलाची आगगाडी’ म्हणत. पुढे खाणी मंदावल्या, तेल मोटारमालगाड्यांनी जाऊ लागले. १९८५ साली स्पेनने तोट्यातील कित्येक लोहमार्ग बंद केले, तेव्हा हाएन व पुएन्ते हेनील यांमधील या मार्गावरही गाडी येईनाशी झाली. रूळ उचलले गेले. मागे राहिले ते भराव, बोगदे, पूल आणि दारे-खिडक्या निखळलेली स्थानके. १९९३पासून स्पेनमध्ये अशा सोडून दिलेल्या मार्गांना ‘व्हीआ व्हेर्दे’, म्हणजे हरितमार्ग, करण्याचे कार्य सुरू झाले. आज त्यांची एकूण लांबी तीन हजार किलोमीटरांहून अधिक आहे. तेलाच्या आगगाडीची वाट त्यांपैकीच एक असून, हाएनपासून पुएन्ते हेनीलपर्यंत ती सुमारे १२८ किलोमीटर भरते.

हाएन सोडल्यावर लवकरच दोन्ही बाजूंना ऑलिव्हच्या ओळी सुरू होतात. एकट्या हाएन जिल्ह्यात सहा कोटींहून अधिक ऑलिव्हची झाडे आहेत. दृष्टी पोहोचेल तेथवर करड्या-हिरव्या ठिपक्यांच्या रांगा डोंगरउतारांवर चढत-उतरत जातात. हे दृश्य भव्य आहे. पण दोन तासांनंतर डोळ्यांना काही वेगळे दिसावे असे वाटू लागते, हेही खरे. झाडांमधील जमीन अनेक ठिकाणी नांगरून उघडी ठेवलेली असते. पावसाळी दिवसांत तिची माती ओघळींतून वाहून गेल्याच्या खुणा स्पष्ट दिसतात. एकाच पिकावर विसंबलेल्या प्रदेशाची ही दुखरी बाजू मोटारीतून जाणाऱ्याच्या क्वचितच लक्षात येते.

मार्तोस, आल्काउदेते ही गावे मागे टाकून वाट ग्वादाहोस नदीवर येते. येथे सुमारे दोनशे मीटर लांबीचा लोखंडी पूल दोन जिल्ह्यांना जोडतो. नदी ओलांडल्यावर चढ सुरू होतो, परंतु तो इतका हळुवार, की मागे वळून पाहिल्यावरच आपण किती वर आलो हे कळते. एका बाजूस सालोब्राल नावाचे सरोवर लागते. हिवाळ्यात त्यात पाणपक्षी असतात. उन्हाळ्यात ते पुष्कळदा कोरडे पडते. पुढे चुनखडीच्या कड्याला चिकटलेले सुएरोस गाव, त्याची पांढरी घरे आणि जुना किल्ला दिसू लागतो. दोन्या मेन्सियाच्या स्थानकात आता सायकलस्वारांची सोय आहे, तर काब्राच्या स्थानकात जुने इंजिन जतन केलेले आहे.

मात्र स्थानक म्हणजे गाव नव्हे. गाडीला गावापर्यंत चढता येत नसे. म्हणून स्थानके खाली, गावापासून दूर बांधलेली आहेत. सुएरोसला जेवावयाचे असेल, तर हरितमार्ग सोडून खेचरांचा तो जुना चढ चढावाच लागतो. न चढणाऱ्या प्रवाशाचा पैसा स्थानकातील उपाहारगृहापुढे जात नाही. शेकडो लोक दररोज जवळून जातात आणि वरच्या गावातील दुकानदाराला त्याचा पत्ताही नसतो, अशी स्थिती त्यामुळे उद्भवू शकते.

प्रवासाचा काळ नीट निवडावा. जुलै-ऑगस्टमध्ये येथील तापमान चाळीस अंशांच्या वर जाते आणि ऑलिव्हच्या झाडाची सावली फार तोकडी असते. एप्रिल-मे किंवा ऑक्टोबर हे महिने उत्तम. नोव्हेंबरपासून ऑलिव्हची तोडणी सुरू होते. त्या वेळी झाडांखाली जाळी पसरून लांब काठ्यांनी व यंत्रांनी फळे पाडली जातात, ट्रॅक्टर वाट ओलांडतात आणि तेलाच्या कारखान्यांचा उग्र, ओलसर वास दूरवर येतो. थंडी सोसणाऱ्याने याच दिवसांत जावे; एरवी नुसती झाडे दिसतात, आता ती कोणाच्या हातांवर उभी आहेत ते दिसते.

पुएन्ते हेनीलला पोहोचल्यावर परतीचा प्रश्न उरतो. दोन्ही टोकांच्या गावांत आजही रेल्वेस्थानके आहेत. पण त्यांना जोडणारा सरळ मार्ग हाच होता. आगगाडीनेच परत जावयाचे असेल, तर उत्तरेस कोर्दोबापर्यंत जाऊन तेथून पुन्हा हाएनकडे वळावे लागते.