ट्रेनरची नोकरी तिशीनंतर टिकते का?

प्रश्न : मी २४ वर्षांचा आहे. पदवीनंतर फिटनेस ट्रेनरचा कोर्स केला आणि सध्या कोल्हापुरातल्या एका जिममध्ये फ्लोअर ट्रेनर म्हणून लागलो आहे. काम मनापासून आवडतं. पण घरी रोज ऐकावं लागतं, ‘अंगात रग आहे तोवर ठीक, तिशीनंतर काय?’ आमच्या जिममध्ये पस्तिशीपुढचा एकही ट्रेनर नाही, हेही खरं. या कामात माणूस साठीपर्यंत टिकू शकतो का?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : हा प्रश्न कोल्हापुरातून यावा याची गंमत वाटली. गंगावेश किंवा मोतीबाग तालमीत एकदा पहाटे डोकावून या. हौद्यात विशीतले मल्ल झोंबत असतात आणि तिथे शेवटचा शब्द असतो वस्तादांचा. त्यांनी स्वतः मैदान सोडून जमाना झालेला असतो. तरी पोरं त्यांच्या हाताखाली राहतात, कारण पाय कुठे चुकीचा पडतोय हे त्यांना डाव फसण्याआधी दिसतं. शिकवणाऱ्याची किंमत त्याच्या नजरेला असते, हे तालमीला केव्हाच कळलं आहे.

मग जिममध्ये वस्ताद का तयार होत नाहीत? एक कारण वेळापत्रक. पहाटे साडेपाच ते दहा आणि पुन्हा संध्याकाळी पाच ते दहा. लग्न झालं, मूल झालं की हे झेपत नाही. दुसरं कारण पैसा. पगार बेताचा, खरी कमाई पर्सनल ट्रेनिंगच्या कमिशनवर, आणि क्लायंट तीन महिन्यांत गळतात. तिसरं कारण ट्रेनर स्वतः ओढवून घेतात. दिवसाच्या चार बॅचमध्ये प्रत्येक उडी स्वतः मारायची, संगीतावर मात करत ओरडायचं, वर आपला व्यायाम वेगळा. काही वर्षांत गुडघे आणि गळा दोन्ही तक्रार करू लागतात. दोन आवर्तनं करून दाखवा आणि मग फिरत बघा. बॅच मोठी असेल तर माइक मागून घ्या.

आता टिकण्याचं गणित. ‘दोन महिन्यांत सिक्स पॅक’वाला मुलगा लग्नाच्या आधी येतो आणि लग्नानंतर दिसत नाही. वर्षानुवर्षं रिन्यूअल करतात ती पंचेचाळिशीपुढची माणसं. मधुमेह, रक्तदाब, पाठदुखी घेऊन आलेली, आणि बहुतेक ट्रेनर ज्यांना ट्रेडमिलवर सोडून देतात ती. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंना ताकद देणारा व्यायाम सांगते. पासष्टीनंतर तर तीन दिवस तोल आणि ताकद दोन्हींचा. हे त्यांना शिकवणार कोण?

समजा, बावन्न वर्षांच्या काकू आल्या. गुडघे कुरकुरतात, पण डॉक्टरांनी व्यायाम करायला सांगितलं आहे. त्यांना पहिल्याच दिवशी बारबेल देऊ नका. भिंतीला टेकवून खुर्ची ठेवा आणि हातांचा आधार न घेता उठायला-बसायला सांगा. गुडघे आत वळतात का? बसताना शेवटी धपकन पडतात का? मग एक काठी त्यांच्या पाठीवर उभी धरा, डोकं, पाठीचा वरचा भाग आणि माकडहाड अशा तीनही ठिकाणी टेकलेली. ती न सुटता, नितंब मागे नेत पुढे वाकायला लावा. मोरीतली बादली कशी उचलायची, हे काकू इथे शिकतात. उठताना श्वास सोडायला सांगा, कारण जोर लावताना श्वास कोंडला की रक्तदाब झटकन चढतो. महिन्याभरात त्या जिना कठड्याला न धरता चढल्या, की शेजारच्या दोघींना घेऊन येतील.

ही नजर एका कोर्सने येत नाही. आपल्याकडे ट्रेनरला डॉक्टर-वकिलांसारखी सक्तीची नोंदणी नाही, त्यामुळे एक प्रमाणपत्र भिंतीवर लावून शिक्षण संपवणारे पुष्कळ. अमेरिकेतल्या एसीई किंवा एनएएसएम या संस्थांची प्रमाणपत्रं मात्र दर दोन वर्षांनी नूतनीकरण करावी लागतात, आणि त्यासाठी पुढचं शिक्षण दाखवावं लागतं. ती शिस्त स्वतःला लावून घ्या. ज्येष्ठांचा व्यायाम, बाळंतपणानंतरचा व्यायाम, मधुमेहींचा व्यायाम, यांतला एक विषय धरून पक्का करा. सीपीआर शिका. छातीवर मिनिटाला १०० ते १२० दाब, पाच ते सहा सेंटिमीटर खोल, हे पुतळ्यावर हाताने केल्याशिवाय येत नाही. इन्शुलिन घेणाऱ्या मेंबरला घाम फुटला, हात थरथरले, तर साखर उतरली असू शकते हे ओळखता आलं पाहिजे.

शिकण्याइतकंच ‘नाही’ म्हणता येणंही लागतं. दुखणं कशाचं आहे हे डॉक्टर ठरवतील, तुम्ही नाही. सप्लिमेंटच्या डब्यावरच्या कमिशनसाठी गरज नसताना डबा गळ्यात मारू नका. आणि ‘एक इंजेक्शन मिळेल का’ असं विचारणारा येईलच. स्टेरॉइड चिठ्ठीशिवाय विकणं हा गुन्हा आहे, शिवाय त्यातून कोणाचं हृदय किंवा यकृत बिघडलं की तुमचं नाव आधी येतं. शहर मोठं असलं तरी जिमची दुनिया लहान असते.

पैशांचं थोडक्यात. पहिली दोन-तीन वर्षं मोठ्या जिममध्ये काढा, तऱ्हेतऱ्हेची शरीरं तिथेच बघायला मिळतात. नंतर दुपारचा रिकामा वेळ भरा. निवृत्तांची, गृहिणींची अकराची बॅच आजही बऱ्याच ठिकाणी कोणी घेत नाही. हीच बॅच पुढे तुमची पहाट आणि रात्र मोकळी करेल. आरोग्यविमा तुमचा तुम्ही काढा.

तेव्हा घरच्यांना सांगा, तिशीनंतर टिकता येतं. फक्त दंड दाखवून नाही. आजच एक वही घ्या आणि प्रत्येक मेंबरचं एक पान करा. काय दुखतं, कोणतं औषध चालू आहे, कितीचं वजन कितीदा उचललं, पुढच्या वेळी काय बघायचं. ती वही दहा वर्षं नेमाने लिहिलीत, तर चाळिशीत तुम्हाला नोकरी शोधत फिरावं लागणार नाही.