कर्ज देण्याआधीचा प्रश्न

कर्ज देणारी आंतरराष्ट्रीय संस्था आदिवासींचे हित पाहते की नाही, हे तिच्या धोरणपत्रिकेवरून ठरत नाही. करारावर सही करण्यापूर्वी तिने कोणते प्रश्न विचारले, यावरून ते ठरते. नर्मदेवरील सरदार सरोवर प्रकल्पात जागतिक बँकेला हा धडा फार उशिरा मिळाला. त्याची किंमत बँकेपेक्षा नदीकाठच्या भिल्ल, भिलाला, पावरा आणि तडवी कुटुंबांनीच अधिक मोजली.

बँकेपाशी धोरण नव्हते असे नाही. १९८२ साली तिने आदिवासींसंबंधी स्वतंत्र निर्देश काढले होते आणि त्यांत परंपरागत जमीनहक्कांच्या रक्षणाचाही विचार होता. तरीही १९८५ साली या प्रकल्पासाठी ४५ कोटी डॉलरचे साहाय्य मंजूर झाले, तेव्हा किती कुटुंबे विस्थापित होणार आणि ती कोणत्या जमिनीवर जगतात, याची विश्वसनीय माहिती कोणाजवळच नव्हती.

अडचणीचे मूळ 'जमीनधारक' या शब्दात होते. नर्मदा पाणीतंटा लवादाने १९७९ च्या निवाड्यात जमिनीच्या बदल्यात जमीन देण्याचे तत्त्व स्वीकारले होते. आपल्या जमिनीचा २५ टक्क्यांहून अधिक भाग गमावणाऱ्या कुटुंबास किमान २ हेक्टर सिंचनयोग्य जमीन द्यावी आणि सज्ञान मुलाचे कुटुंब स्वतंत्र मानावे, असे त्यात सांगितले होते. त्या काळाच्या मानाने ही तरतूद उदार होती. तथापि जमीन आपली आहे हे सरकारी दप्तरावरून सिद्ध व्हावे लागे. महाराष्ट्रातील अक्राणी व अक्कलकुवा तालुक्यांच्या डोंगराळ भागात, तसेच नदीपलीकडे मध्य प्रदेशातील अलिराजपूरच्या परिसरात, असंख्य कुटुंबे पिढ्यानपिढ्या वनजमीन कसत आली होती. अलिराजपूरकडे अशा शेताला 'नेवाड' असा शब्दही आहे. पण ज्याला भाषेत नाव होते त्याला दप्तरात जागा नव्हती. मका, ज्वारी पिकविणारा, मोह आणि चारोळी वेचणारा, नदीत मासे धरणारा माणूस सातबाऱ्यावर नाव नाही म्हणून भूमिहीन ठरे, किंवा त्याहून वाईट म्हणजे अतिक्रमक. गुजरातने १९८७ साली अशा कुटुंबांनाही २ हेक्टर जमीन देण्याचे मान्य केले. इतर दोन राज्यांनी तितकी मोकळीक दाखविली नाही.

विरोध वाढल्यावर बँकेने १९९१ साली स्वतंत्र समीक्षा समिती नेमली. तिचे अध्यक्ष ब्रॅडफर्ड मॉर्स आणि उपाध्यक्ष कॅनडातील विधिज्ञ थॉमस बर्गर होते. बर्गर यांची निवड अर्थपूर्ण होती. १९७४ ते १९७७ या काळात मॅकेन्झी खोऱ्यातील वायुवाहिनीची चौकशी करताना त्यांनी उत्तर कॅनडातील आदिवासींच्या वस्त्यावस्त्यांत जाऊन लोकांची साक्ष ऐकली होती आणि ती योजना दहा वर्षे पुढे ढकलावी असे सुचविले होते. नर्मदेवरील समितीचा अहवाल जून १९९२ मध्ये आला. पुरेशा माहितीवाचून योजना मंजूर झाली, बाधितांशी नीट विचारविनिमय झाला नाही आणि बँकेने स्वतःचेच निर्देश पाळले नाहीत, असा त्याचा निष्कर्ष होता. बँकेने मागे सरून फेरविचार करावा, अशी त्याची शिफारस होती.

बँकेने तसे न करता अटी घातल्या, आणि मार्च १९९३ मध्ये भारत सरकारने उरलेले कर्ज नाकारले. त्याच वर्षीच्या पावसाळ्यात मणिबेलीची काही घरे पाण्याखाली गेली. पुढे धरण पूर्ण उंचीचे झाले आणि २०१७ साली त्याचे लोकार्पणही झाले. म्हणजे कर्ज थांबल्याने धरण थांबले नाही. संस्थेच्या शब्दाला वजन असते ते सहीपूर्वी. पैसा वाटून झाल्यावर उपरती झाली तरी तिचा डोंगरातील माणसाला फारसा उपयोग नसतो.

या अनुभवाचा परिणाम मुळीच झाला नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. १९९३ साली बँकेने तपासणी मंडळ स्थापन केले आणि बाधितांना तिच्याविरुद्ध थेट तक्रार करण्याचा मार्ग खुला झाला. २००५ च्या धोरणात मुक्त, पूर्व व माहितीपूर्ण 'विचारविनिमय' आवश्यक मानला गेला; २०१८ पासून लागू झालेल्या निकषांत जमीन, स्थलांतर व सांस्कृतिक वारसा यांच्या बाबतीत 'संमती' हा शब्द आला. या दोन शब्दांतील अंतर मोठे आहे. विचारविनिमय हजेरीपटावरील अंगठ्यांनी सिद्ध करता येतो; संमती मागणाऱ्याला मात्र नकार ऐकण्याची तयारी ठेवावी लागते.

पण संमती कोणाची घ्यायची, हे ठरविण्यासाठी जमीन कोणाची हे आधी कळले पाहिजे. भारतात २००६ च्या वनहक्क कायद्याने १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून वनजमीन कसणाऱ्या आदिवासींचा हक्क मान्य केला. त्याखालील नियमांनी गावातील वडीलधाऱ्यांचे लेखी घेतलेले निवेदनही पुरावा म्हणून स्वीकारले. असे काम कोणत्याही प्रकल्पाच्या छाननीआधी होऊ शकते. गावकऱ्यांनी स्वतः शिवाराचा नकाशा काढावा, शेते, पाणवठे, देवस्थाने व चराईच्या वाटा नोंदवाव्यात आणि त्याचा खर्च साहाय्य देणाऱ्या संस्थेने विनाअट उचलावा. कर्जाच्या मानाने ही रक्कम क्षुल्लक असते. वेळ मात्र लागतो, कदाचित एक-दोन पावसाळेही. आणि जागतिक बँकेचे आर्थिक वर्ष तर दर ३० जूनला, सातपुड्यात पेरण्यांची घाई चाललेली असतानाच संपते.